पट्टा आणि पट्टेदार

(प्रस्तावना)

१७ ऑगस्ट २०२२ रोजी रायपूरच्या बलबीरसिंग जुनेजा इनडोअर स्टेडियममध्ये बीजिंग ऑलिंपिकचा कांस्यपदकविजेता विजेंदर सिंग आणि घाना देशाचा इलियासू सुले यांची व्यावसायिक मुष्टियुद्धाची लढत व्हावयाची आहे, ही वार्ता त्या पावसाळ्यात भिलाईच्या सेक्टरांतून पसरली, तेव्हा ज्या गृहस्थांनी आयुष्यात मुष्टियुद्धाचे रिंगण कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, तेही संध्याकाळच्या फेरफटक्यात ठोशांविषयी बोलू लागले. विजेंदर सर्वांस ठाऊक होता. त्याचे भिवानी गाव, त्याचे २००८ चे पदक, हरियाणा पोलिसातली त्याची पूर्वीची अधिकाऱ्याची जागा, यांविषयी कोणीही कोणास काही सांगण्याची गरज नव्हती. परंतु आमच्या बाकावर बसणाऱ्या एका वृद्ध स्नेह्याने सहज विचारले, "हा दुसरा कोण हो?" आणि त्या प्रश्नाचे धड उत्तर आमच्यापैकी एकाजवळही निघाले नाही. वर्तमानपत्रांनी इतकेच कळविले होते की सुले आजवर आठ लढती लढला, आठही जिंकला, आणि आठांतही प्रतिस्पर्ध्यास खाली पाडूनच जिंकला. लढतीच्या रात्री दुसऱ्याच फेरीत विजेंदरने त्याला नॉकआउट केले, आणि जी गर्दी रात्र जागविण्याच्या तयारीने निघाली होती ती खारून नदी ओलांडून बऱ्याच लवकर घरी परतली. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत विजेत्याची मुलाखत होती. सुलेविषयी आदल्या दिवशी जेवढे कळले होते, त्याहून एक अक्षरही अधिक नव्हते.

ती उणीव माझ्या मनास लागून राहिली, आणि प्रस्तुत टिपणांचा उगम तेथे आहे. माझी सारी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या लेखा विभागात करारनामे, मुदती आणि मेहनतान्याचे हिशेब तपासण्यात गेली; कोणताही करार हाती आला की त्यातील दुबळा पक्ष कोणता, आणि त्याचे नुकसान झाल्यास भरपाई कोणाच्या माथी, हे आधी पाहण्याची सवय त्या कामाने हाडीमाशी रुजविली. व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या वार्ता, विशेषतः आगामी अजिंक्यपदाच्या लढतींच्या वार्ता, त्याच नजरेने वाचल्या पाहिजेत असे माझे मत आहे. कारण अशी वार्ता म्हणजे दोन माणसांनी आपापले शरीर ठरावीक दिवशी, ठरावीक वजनाचे, ठरावीक फेऱ्यांपुरते दुसऱ्याच्या हवाली करण्याचा जो करार केला, त्याचा जाहीरनामा असतो, आणि त्यात एका पक्षाचेच नाव मोठ्या अक्षरांत छापण्याची वहिवाट पडून गेली आहे.

भिलाईच्या वाचकास हा विषय प्रथमदर्शनी परका वाटावा यात नवल नाही. २ फेब्रुवारी १९५५ च्या करारान्वये सोव्हिएत संघाच्या सहकार्याने हा कारखाना उभारण्याचे ठरले, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि भाताच्या शेतांच्या व तळ्यांच्या या मुलखात बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी आणि आम्ही मराठी अशा नाना प्रांतीच्या माणसांची जी वसाहत आली, तिने खेळाकडे पाहण्याची एक विशिष्ट दृष्टी आपोआप स्वीकारली. खेळाडूला नोकरी मिळते, नोकरीवर पगार मिळतो, आणि खेळणे संपले तरी हजेरीपटावर नाव राहते, ही ती दृष्टी. ज्या देशाच्या अभियंत्यांनी आम्हांला पोलाद करणे शिकविले, त्या देशात तर व्यावसायिक मुष्टियुद्धाला अधिकृत स्थानच नव्हते. तेथला उत्तम मुष्टियोद्धा कागदोपत्री सैनिक, विद्यार्थी किंवा कामगार असे. आपल्याकडेही सैन्य, रेल्वे, पोलीस आणि सार्वजनिक कारखाने हेच मुष्टियोद्ध्यांचे आश्रयदाते राहिले. १९६६ आणि १९७० या दोन्ही आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणारा हवा सिंग लष्करातला. १९८२ चा आशियाई विजेता कौर सिंगही लष्करातलाच.

या पद्धतीवर माझे प्रेम आहे, कारण तिच्या छायेत मी वाढलो. परंतु तिने सर्वांची काळजी वाहिली असे म्हणण्यास मी धजणार नाही. १९८० साली मुहंमद अली भारतात आला तेव्हा दिल्लीत त्याच्यासमोर प्रदर्शनीय लढतीस उभा राहिलेला हाच कौर सिंग उतारवयात हृदयविकाराच्या उपचारासाठी कर्जबाजारी झाला, आणि ते वर्तमान छापून आल्यानंतर मग मदत धावली. २०२३ च्या एप्रिलमध्ये तो निवर्तला. हौशी खेळाडूचा हजेरीपट आणि व्यावसायिकाचा करारनामा यांपैकी कोणता कागद माणसाला म्हातारपणी अधिक आधार देतो, हा प्रश्न मला वाटतो तितका सोपा नाही, आणि पुढील टिपणांत तो पुनःपुन्हा डोके वर काढील.

आता 'पट्टा' या शब्दाविषयी. अजिंक्यवीराच्या कमरेला जो सुवर्णमंडित चामडी पट्टा बांधतात, त्याला आपल्या भाषेने कोणताही नवा शब्द शोधला नाही, आणि हे योग्यच झाले. कारण या मुलखात पट्टा म्हणजे जमिनीचा हक्क सांगणारा कागदही होय, आणि पट्टेदाराचा हक्क पट्टा देणाऱ्याच्या मर्जीवर व अटींवर अवलंबून असतो हे येथल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून छत्तीसगडाचा कारभार पाहिला. त्यांच्यामागे नागपूरकरांचे सुभेदार येथे येत राहिले, आणि त्यांतल्या विठ्ठल दिनकरांनी परगण्यांची व्यवस्था लावली. सुभेदाराजवळ सनद असे. पण सनद देणारा नागपुरास बसलेला असे, आणि ती कधी फिरेल याचा भरवसा नसे. मुष्टियुद्धाच्या जगात अशा सनदा देणारी घराणी एक नव्हे, चार आहेत. जागतिक मुष्टियुद्ध संघटना १९२१ साली निराळ्या नावाने अमेरिकेत स्थापन झाली व १९६२ मध्ये तिने सध्याचे नाव घेतले. जागतिक मुष्टियुद्ध परिषद १९६३ मध्ये मेक्सिको शहरात, आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध महासंघ १९८३ मध्ये आणि चौथी, जिच्या नावातही 'जागतिक' व 'मुष्टियुद्ध' हे शब्द आहेतच, ती १९८८ मध्ये. सतरा वजनगट आणि प्रत्येक गटास चार सनदा असा हा हिशेब असल्यामुळे 'जागतिक विजेता' ही पदवी एकाच वेळी किती जणांच्या नावापुढे लागू शकते, हे वाचकाने स्वतःच गुणून पाहावे. प्रत्येक अजिंक्यपदाच्या लढतीमागे ही घराणी योद्ध्यांच्या मेहनतान्यातून आपली टक्केवारी कापून घेतात. म्हणजे लढती जितक्या अधिक आणि पट्टे जितके अधिक, तितकी दप्तराची आवक अधिक.

सनदेचे चंचलपण पाहावयाचे असेल तर ओलेक्झांडर उसिकची अलीकडची कैफियत पुरेशी आहे. १८ मे २०२४ रोजी रियाध येथे या युक्रेनी योद्ध्याने ब्रिटनच्या टायसन फ्युरीचा गुणांवर पराभव केला, चारही पट्टे एकत्र केले, आणि १९९९ मधील लेनॉक्स लुईसनंतर जड वजनगटाला प्रथमच निर्विवाद विजेता लाभला. सारे जग पंचवीस वर्षे ज्याची वाट पाहत होते ते ऐक्य सहा आठवडेसुद्धा टिकले नाही. महासंघाच्या नियमानुसार ठरलेल्या आव्हानवीराशी लढण्याचे कर्तव्य उसिकवर होते, त्याचा करार मात्र फ्युरीशी पुन्हा लढण्याचा होता. म्हणून जूनमध्ये त्याने महासंघाचा पट्टा सोडला आणि तो डॅनिएल दुबुआ याला, त्या पट्ट्याच्या मालकाशी या खेपेस एक ठोसाही न देता-घेता, बहाल झाला. दुबुआने सप्टेंबरमध्ये अँथनी जोशुआला पाडून त्या पट्ट्याची आपल्यापरीने किंमत चुकविली, आणि १९ जुलै २०२५ रोजी लंडनच्या वेम्बलीवर उसिकने पाचव्या फेरीत दुबुआला नमवून आपली वस्तू परत घेतली. मधल्या तेरा महिन्यांत उसिक एकदाही हरला नव्हता. २०१५ साली खुद्द फ्युरीचा अनुभवही असाच होता: तेव्हाचा विजेता क्लिच्को याला हरवून तीन आठवडे व्हावयाच्या आत त्याच महासंघाने त्याचा पट्टा काढून घेतला होता. पट्टा आणि पराक्रम या दोन वस्तू भिन्न आहेत, आणि बातमीत त्या एकाच ओळीत येतात म्हणून वाचकाने त्यांना एक समजू नये.

आगामी लढतीच्या वार्तेचा दुसरा विशेष असा की तीत दिलेली तारीख ही बहुधा आशा असते. दोन्ही पक्षांचे जमले नाही तर सनदी संस्था लढत भरविण्याच्या हक्काचा जाहीर लिलाव करते, मोठी बोली लावणाऱ्याला मक्ता मिळतो, आणि मग दिवस, शहर, दूरदर्शनचे हक्क असे सगळे सरंजाम जमत जातात. इतके होऊनही एका सरावाच्या सकाळी सगळे तहकूब होऊ शकते. १९७४ साली झैरच्या किन्शासा नगरीत जॉर्ज फोरमन आणि मुहंमद अली यांची जी लढत झाली, जिच्यासाठी मोबुटूच्या राजवटीच्या आश्रयाने प्रत्येकी पन्नास लक्ष डॉलर ठरले होते आणि जिच्या नावाचा प्रतिध्वनी रायपूरच्या लढतीला 'जंगल रंबल' हे नाव देणाऱ्यांनी जाणूनबुजून उचलला, ती लढत मुळात २५ सप्टेंबरला व्हावयाची होती. सरावात फोरमनच्या भुवईजवळ जखम झाली, आणि लढत ३० ऑक्टोबरवर गेली. सुमारे पन्नास वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, फ्युरीच्या डोळ्यावर सरावातच तशीच जखम झाली आणि उसिकशी १७ तारखेला ठरलेली गाठ मे महिन्यावर ढकलली गेली. अर्धशतकात उपग्रह बदलले, पैशाचे आकडे बदलले, राजाश्रय आफ्रिकेतून अरबस्तानात गेला. भुवईवरची कातडी मात्र होती तेवढीच पातळ राहिली. फोरमनचे तहकुबीचे ते पाच आठवडे परक्या शहरात कसे गेले असतील, याचा विचार मी किन्शासाच्या टिपणात विस्ताराने केला आहे, कारण आठव्या फेरीत अलीने त्याला पाडले त्या क्षणाचा उगम मला पुष्कळ अंशी त्या पाच आठवड्यांत दिसतो.

सर्वांत महत्त्वाची बाब जोडीची. आपल्या कुस्तीच्या मैदानात जोड लावणारा जाणता माणूस किती मोलाचा, हे कोल्हापूरच्या खासबागेत किंवा गावच्या जत्रेच्या फडात बसलेल्यास सांगावे लागत नाही. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामी कुस्तीपर्यंत प्रत्येक जोड वजन, वय आणि तयारी पाहून लावतात. आणि संगनमताने नुरा कुस्ती झाली असा संशय आला की प्रेक्षक मैदान डोक्यावर घेतात. व्यावसायिक मुष्टियुद्धात नुरा लढतीपेक्षा अधिक सूक्ष्म असा एक प्रकार रूढ आहे. तेथे दोघेही खरेच लढतात, ठोसे खरे असतात, रक्त खरे असते. केवळ जोडच अशी लावलेली असते की निकालाविषयी फारशी शंका उरू नये. होतकरू योद्ध्याची कीर्ती अशा लढतींवर रचली जाते आणि त्या रचनेसाठी दूरदेशीहून पाहुणा आणला जातो. त्याचा मेहनताना ठरलेला असतो, परतीचे तिकीट असते, आणि स्थानिक वर्तमानपत्रात त्याच्या नावाचे स्पेलिंगही दोन दिवस एकसारखे राहत नाही.

विजेंदरची कारकीर्द मी या दृष्टीने बारकाईने पाहिली आहे, आणि त्याच्याविषयीचा माझा आदर तीत कमी झालेला नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये मँचेस्टरला त्याने आरंभ केला. जुलै २०१६ मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर केरी होप या अनुभवी योद्ध्याविरुद्ध दहा फेऱ्या लढून त्याने आशिया-प्रशांत पट्टा मिळविला. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईला, वरळीच्या क्रीडागारात, चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी त्याची दहा फेऱ्यांची जी गाठ पडली ती माझ्या मते त्याची सर्वोत्तम लढत. दोन पंचांच्या हिशेबी फरक एकाच गुणाचा होता, आणि भारत-चीनमधील डोकलामच्या तंट्याचे दिवस असल्यामुळे विजयानंतर त्याने जिंकलेला पट्टा परत देण्याची तयारी दाखविली. सलग बारा विजयांनंतर, १९ मार्च २०२१ रोजी, गोव्यात मांडवी नदीतील एका जहाजाच्या गच्चीवर रशियाच्या आर्तिश लोपसानने पाचव्या फेरीत त्याला हरविले. त्या दिवशी पाहुण्याने यजमानाचा हिशेब मोडला. रायपूरची लढत ही त्या पराभवानंतरची पहिली, म्हणून तिथे पाहुण्याची निवड किती जपून झाली असेल याची कल्पना करता येते. तथापि ज्याच्या नावावर आठ विजय आणि आठही नॉकआउट आहेत असा तरुण हरण्याच्या इराद्याने छत्तीसगडात उतरला असेल, असे मी क्षणभरही मानीत नाही.

घाना या देशाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. आक्रा शहराच्या समुद्रकाठच्या बुकोम वस्तीत मुष्टियुद्ध हे आपल्या कोल्हापुरातील कुस्तीसारखे घरोघरचे शास्त्र आहे. १९७५ मध्ये डेव्हिड कोटे हा घानाचा पहिला जागतिक विजेता झाला, आणि १९८४ मध्ये अझुमा नेल्सनने परिषदेचा पट्टा मिळवून पुढे अनेक वर्षे जो लौकिक गाजविला त्यामुळे त्याची गणना साऱ्या आफ्रिकेच्या श्रेष्ठ योद्ध्यांत होते. जयपूरला २०१७ च्या डिसेंबरात विजेंदरसमोर उभा राहिलेला अर्नेस्ट अमुझू घानाचा, २०१९ मध्ये दुबईत उभा राहिलेला चार्ल्स अदामू घानाचा, आणि रायपूरचा सुलेही घानाचा. ज्या देशाजवळ इतकी विद्या आहे त्याच देशातून पाहुणे मागविले जातात, याचे कारण त्या विद्येला घरी पुरेसा दाम नाही. आमच्या बाकावरच्या वृद्ध स्नेह्याच्या प्रश्नाचे उत्तर मला इतक्या उशिरा आणि इतके अपुरे सापडले.

शरीराच्या किमतीविषयीची टिपणे वाचकास जड जातील, पण ती मी गाळलेली नाहीत. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत मरण पावला. तोवर अजिंक्यपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या असत. प्रथम परिषदेने आणि क्रमाने इतरांनी त्या बारावर आणल्या. आज प्रेक्षक ज्या बारा फेऱ्या, म्हणजे छत्तीस मिनिटे, स्वाभाविक समजून पाहतात, त्यांमागे हा मृत्यू आहे. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती आणि हातमोजे बंधनकारक केले. पण मोज्यांनी मुठीचे हाड वाचते, मेंदू वाचत नाही, असे वैद्य सांगतात. आपल्या बडोद्याच्या गायकवाडांच्या दरबारी वज्रमुष्टीचे मल्ल शिंगाचे अणकुचीदार आयुध मुठीत धरून लढत. ते दृश्य आज आपल्याला क्रूर वाटते, आणि मोजे घातलेली बारावी फेरी वाटत नाही.

नव्या भारतीय योद्ध्यांविषयी मी थोडक्यात आटोपले आहे, कारण त्यांचा हिशेब अद्याप चालू खात्यावर आहे. पॅरिस ऑलिंपिक खेळून आलेल्या निशांत देवने जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासला व्यावसायिक पदार्पण केले. नीरज गोयत २०२४ च्या नोव्हेंबरात टेक्सासला, जेथे वयस्क माइक टायसन अठ्ठावन्नाव्या वर्षी उतरला होता, त्याच रात्री त्याच रिंगणात लढला व जिंकला. यांच्या आगामी लढतींची घोषणा होईल तेव्हा वाचकाने चार गोष्टी शोधाव्यात अशी माझी विनंती आहे: फेऱ्या किती, वजन कोणते, पट्टा असल्यास कोणत्या घराण्याचा, आणि समोरचा कोण. चौथीचे उत्तर बातमीत बहुधा शेवटच्या परिच्छेदात असते. वाचन तेथूनच सुरू करावे.

भाषेविषयी एक खुलासा. येथील हिंदी पत्रे 'मुक्केबाजी' लिहितात. मी 'मुष्टियुद्ध' हा आपला जुना शब्द ठेवला आहे, आणि 'नॉकआउट', 'इनडोअर स्टेडियम' यांसारखे जे शब्द तोंडी रुळले आहेत त्यांना बळेच संस्कृत पेहराव चढविलेला नाही.

मूळ टिपणे एका जाड हिशेबवहीत उतरविली. उजव्या पानावर विजेत्याचे नाव, डाव्या पानावर पराभूताचे, आणि दोन्ही पानांवर रकाने सारखेच: वय, गाव, वस्ताद, आजवरच्या लढती, पुढची लढत. छापताना प्रकाशकाच्या सूचनेवरून पुष्कळ रिकामे रकाने वगळावे लागले. एका पानाबद्दल मात्र मी हट्ट धरला, आणि त्यांनी तो मान्य केला. १७ ऑगस्ट २०२२ चे डावे पान पुस्तकात वहीत आहे तसेच छापले आहे: वर नाव, त्याखाली देश, त्याखाली आठाचा आकडा, आणि 'पुढची लढत' या रकान्यापुढे मोकळी जागा.

भिलाई